रक्त देऊन उठलं की लगेच वावरात जाऊ नका

नाल्याकाठचा
१६ एप्रिल, रात्री ९:१०

परवा जयंतीला गावात रक्तदान शिबिर घेतलं. घाटंजी तालुका, यवतमाळ जिल्हा. आमचं मंडळ ४ वर्षांपासून १४ एप्रिलला शिबिर घेतं. पहिल्या वर्षी १३ पिशव्या झाल्या होत्या, यंदा ४१ झाल्या. पण त्या ४१ जणांतल्या एकाला संध्याकाळी हनुवटीवर ४ टाके पडले. माझा चुलतभाऊ. चूक नेमकी कुठं झाली हे दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याची ही पहिलीच वेळ. वय २२, वजन ५१ किलो, हिमोग्लोबिन १३.८, बीपी बरोबर. डॉक्टरांनी तपासूनच घेतलं. पण आदल्या रात्री ३ वाजेपर्यंत तो शिडीवर चढून निळ्या पताका लावत होता. सकाळी चहा अन् दोन टोस, त्यानंतर पोटात काही नाही. फॉर्मवर जेवणाचा प्रश्न होता, त्यानं 'हो' लिहून टाकलं. शिबिर जिल्हा परिषद शाळेच्या टिनाच्या खोलीत. साधारण सव्वाबाराला त्याचं रक्त झालं. टेबलावर केळं आणि बिस्किटाचा पुडा मिळाला. केळं त्यानं शेजारच्या पोराला दिलं, पुडा खिशात टाकला.

तेवढ्यात घरून फोन आला, लाईन आली म्हणून. आमच्या फिडरवर, म्हणजे शेतीच्या विजेच्या लाईनवर, त्या आठवड्यात दुपारची पाळी होती आणि भुईमुगाला ६ दिवसांपासून पाणी नव्हतं. तो बसला असेल तीन-चार मिनिटं. मग गाडीला किक मारून थेट वावरात, २ किलोमीटर. मोटर सुरू केली, फावडं घेऊन दांड वळवायला वाकला, आणि उभा होताना डोळ्यांसमोर अंधारी आली. तोंडावर पडला, पाईपच्या जोडावर. आमच्या विहिरीला कठडा नाही. तो पडला ती जागा अन् विहिरीची कड यात आठ-नऊ फूट अंतर आहे. मी नंतर जाऊन पावलांनी मोजलं.

शेजारच्या वावरातल्या दोघांनी पाहिलं म्हणून बरं. धावत आले, त्याला बसवलं, नाकाला कांदा लावला, तोंडात पाणी ओतलं. शुद्धीवर आला, पुन्हा बसवला तर पुन्हा गेला. असं दोनदा झालं. मग गाडीवर मधे धरून दवाखान्यात नेला. शर्ट काढताना खिशातून तो पुडा निघाला, तसाच, न फोडलेला, आतून सगळा चुरा झालेला.

आता गावात बोलणं सुरू आहे की रक्त काढून घेतलं म्हणून पोट्टं पडलं. काकू माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही. पुढच्या वर्षी कोण येईल? पण त्याहून मोठं माझ्या मनाला हे लागलंय की आम्ही कार्यकर्ते दिवसभर पिशव्याच मोजत होतो. चहा-बिस्किटाचं टेबल सातवीतल्या दोन पोरांकडे सोपवलं होतं. माणूस सुई काढून उठला की आमच्या लेखी त्याचं काम संपलं.

जाणकारांनी सांगा. रक्त दिल्यावर त्या दिवशी काय करायचं, काय नाही? 'आराम करा' एवढंच नको. आमच्याकडे आराम म्हणजे काय ते कोणालाच कळत नाही, मोटर तर चालू करावीच लागते.

---

एसटी_स्टीअरिंग
१६ एप्रिल, रात्री ९:५२

भाऊ, पोराची तब्येत कशी आहे आता? डोक्याला मार नाही ना? उलट्या, सारखी झोप, डोकं दुखणं असं काही वाटलं तर पुन्हा दाखवा, टाके पडले म्हणजे झालं असं समजू नका.

मी ३१ वेळा रक्त दिलं आहे. ड्रायव्हर माणूस, म्हणून पहिल्यापासून एक नियम पाळला. रक्त द्यायचं ते साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच. माझ्या मागं पन्नास माणसं बसलेली असतात. ट्रॅक्टर, थ्रेशर, ट्रक चालवणाऱ्यांनी, झाडावर किंवा खांबावर चढणाऱ्यांनीही त्या दिवशी ते काम करू नये. मोटारसायकलचंही मला तेच वाटतं. दुसऱ्याच्या मागं बसून जावं.

एक सुचवतो. आमच्या डेपोत शिबिर झालं तेव्हा आम्ही गाडीच्या चाब्या टेबलावर जमा करून घेतल्या होत्या. रक्त देण्याआधी चाबी द्यायची. खाऊन-पिऊन अर्धा तास बसल्यावर चाबी परत. सुरुवातीला एक-दोन जण चिडले, पण चाबी हातात नसली की माणूस बसतो.

---

लॅबवाला
१६ एप्रिल, रात्री ११:२०

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. शिबिरं बहुतेक खेड्यांतलीच केली. तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं, कारण हे टाळता येतं.

आधी एक गोष्ट काकूंना सांगा. पोरगा 'रक्त कमी झाल्यामुळे' पडला असं सरळ म्हणता येत नाही. ५१ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं. आपण ३५० मिली घेतो, म्हणजे दहावा हिस्सा. निरोगी शरीर तेवढं सोसतं, म्हणूनच ४५ किलोची अट आहे आणि ४५० मिलीची पिशवी ५५ किलोच्या खाली घेत नाहीत. पडण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. शरीराची एक प्रतिक्रिया असते, तिच्यात नाडी मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. आता यात उपाशी पोट, रात्रीचं जागरण, पहिली वेळ, तरुण वय, कमी वजन आणि एप्रिलचं ऊन घाला. उन्हात कातडीतल्या रक्तवाहिन्या आधीच फुललेल्या, घामानं पाणी गेलेलं, त्यात वाकून एकदम उभं राहणं. तुमच्या भावाच्या बाबतीत यातलं एकही सुटलं नव्हतं.

बहुतेकांना चक्कर खाटेवर किंवा चहाच्या टेबलाशीच येते, सुई निघाल्यावर थोड्या मिनिटांत. ते आम्हाला दिसतात, आम्ही सांभाळतो. पण काहींना ती उशिरा येते, तासा-दोन तासांनी, कधी त्याहून उशिरा. तेव्हा माणूस रस्त्यावर असतो, विहिरीवर असतो, चुलीपुढं असतो. मार लागतो तो याच चकरेत.

आता काय करायचं ते. रक्त देण्याच्या चार तासांच्या आत नीट जेवण झालेलं पाहिजे, भाकर-भाजी, वरण-भात, जे घरी असेल ते. उपवासाच्या दिवशी देऊ नका, एकादशीच्या शिबिरात मी स्वतः माणसं परत पाठवली आहेत. सुई टोचण्याआधी पाव-अर्ध्या तासात अर्धा लिटर पाणी प्यावं, यानं चक्कर येण्याचं प्रमाण खरंच कमी होतं. खाटेवर असताना पायांची अढी घालून मांड्या आवळायच्या आणि सोडायच्या, हेही उपयोगी आहे. सुई निघाली की लगेच उठायचं नाही. दोन-चार मिनिटं पडून, मग खाटेच्या काठावर बसून, मग उभं राहायचं. त्यानंतर निदान १५ मिनिटं बसायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी अर्धा तास म्हणतो. बसून खारट-गोड काही प्यायचं. लिंबाचं मीठ-साखरेचं सरबत, मठ्ठा, पन्हं. नुसतं पाणी पिण्यापेक्षा मीठ पोटात गेलेलं बरं, पाणी अंगात टिकतं. दिवसभरात रोजच्यापेक्षा चार-पाच गिलास जास्त.

ज्या हातातून रक्त दिलं त्या हातानं त्या दिवशी बादली, फावडं, पोतं, काही उचलायचं नाही. पट्टी चार-पाच तास राहू द्यायची. विडी आणि खर्रा तासभर तरी नको, दोन तास थांबलात तर अजून चांगलं. रक्त दिल्याबरोबर खर्रा तोंडात टाकून भोवळ आलेले मी किती पाहिले सांगता येत नाही. दारू दुसऱ्या दिवसापर्यंत नाही.

चक्कर येण्याआधी शरीर सांगतं. सारख्या जांभया, कपाळावर थंड घाम, ओठ पांढरे, कानात आवाज, पोटात ढवळणं. यातलं एकही जाणवलं की जिथं असाल तिथं खाली बसा, जमलं तर आडवे व्हा. कपडे खराब होतील, लोक काय म्हणतील, हा विचार त्या वेळी करू नका. उभं राहून सहन करणारेच पडतात.

दुसरा पडला तर त्याला बसवायचं नाही. तुमच्या भावाला बसवलं म्हणूनच तो पुन्हा बेशुद्ध झाला. आडवं ठेवा, पाय उशीवर, पोत्यावर, विटांवर, कशावरही उंच करा. कॉलर-पट्टा सैल करा, सावली करा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबभरही पाणी नाही, श्वासनळीत जातं. कांदा अन् चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. मिनिट-दोन मिनिटांत शुद्धीवर आला नाही, छातीत दुखतं म्हणाला किंवा डोकं आपटलं असेल तर १०८.

---

पुण्यातला_वणीकर
१७ एप्रिल, सकाळी ७:४०

लॅबवाला, मनापासून आभार. हे छापून प्रत्येक शिबिरात लावायला हवं.

एक प्रश्न. मागच्या वेळी माझा हात कोपरापासून मनगटाकडे काळानिळा झाला होता. आईनं हळद-चुना लावून चोळ म्हणून सांगितलं. दहा दिवस राहिलं. हे गंभीर असतं का?

---

लॅबवाला
१७ एप्रिल, दुपारी १:१५

चोळायचं मुळीच नाही. शिरेतून थोडं रक्त कातडीखाली झिरपलेलं असतं, चोळलं की आणखी पसरतं. पहिल्या दिवशी माठातल्या गार पाण्याची घडी १०-१५ मिनिटं, दिवसातून काही वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कोमट शेक चालतो. निळं, मग हिरवट, मग पिवळं होत आठ-पंधरा दिवसांत जातं. दुखलं तर पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन नको.

पट्टीतून रक्त येऊ लागलं तर हात छातीच्या वर धरा आणि दुसऱ्या हातानं पाच मिनिटं दाबून ठेवा, मधे उघडून पाहू नका. सूज भराभर वाढत असेल, बोटांना मुंग्या किंवा विजेसारखी कळ जात असेल, हात थंड पडत असेल तर मात्र घरी थांबायचं नाही. रक्तपेढीला फोन करा, डॉक्टरांना दाखवा. कार्डावर नंबर असतो.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. रक्त दिल्यावर दोन-चार दिवसांत ताप आला किंवा आजारी पडलात तर आम्हाला कळवा. पिशवी अजून फ्रीजमध्येच असू शकते. आम्ही एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया तपासतो, पण तुमचा फोन आला तर ती पिशवी बाजूला काढता येते.

---

कपाशीवाला
१७ एप्रिल, दुपारी ३:०५

माझं आर्णी तालुक्यात वावर आहे. १५ ऑगस्टला, गणपतीत आमच्याकडे शिबिरं असतात, अन् तेच दिवस फवारणीचे. म्हणून सांगून राहिलो. रक्त दिल्याच्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर घेऊ नका. १६ लिटरचा पंप भरल्यावर पाठीवर किती होतो ते आपल्याले माहीत आहे. वरून अंगात पूर्ण कपडे, तोंडाला फडकं, खालून चिखल.

त्यातही एक मोठी भीती. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, हे आपण कोणी विसरलो नाही. विषबाधेतही घाम, मळमळ, चक्कर अन् रक्त दिल्यावरच्या चकरेतही तेच. फवारता फवारता गरगरलं तर माणूस म्हणेल, सकाळी रक्त दिलं होतं त्यानं असेल, पडून राहतो जरा. अन् तिकडे औषध चढत राहील. अशा वेळी अंदाज लावत बसू नका. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा, अन् डॉक्टरले रक्त दिल्याचंही सांगा.

---

अंबाडी
१७ एप्रिल, रात्री ८:३०

मी आशा आहे, दारव्ह्याकडे. बायांचं कोणी बोललंच नाही, म्हणून लिहिते.

आमच्या गावातल्या शिबिरात ९ बाया उत्साहानं आल्या, ६ परत गेल्या. कोणाचं हिमोग्लोबिन ९.८, कोणाचं ११. रक्त द्यायला १२.५ लागतं. एक जण तर रडली, मला काय नालायक समजले का म्हणून. तिला सांगितलं, बाई, तुझ्या अंगात कमी आहे हे आज फुकटात कळलं, चल उद्या उपकेंद्रावर. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आहे. परत पाठवणं हा अपमान नाही. पाळी चालू असताना, अंगावर पाजत असताना, बाळंतपणाला वर्ष झालं नसताना देऊ नये. आणि जिनं दिलं तिनं पुढं १२० दिवस थांबायचं, पुरुषांना ९० दिवस आहेत. पाळीत दर महिन्याला जातंच, म्हणून आपल्याला जास्त वेळ लागतो.

आता खाण्याचं. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, लाल पेशी भरायला महिना-दोन महिने लागतात, आणि लोहाचा साठा त्याहून उशिरा भरतो. एका पिशवीत दीडशे मिलिग्रॅमच्या वर लोह जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणजे झालं असं नाही. लोक बीट अन् डाळिंबाच्या मागं लागतात. चांगलं आहे, खा, पण नुसता लाल रंग म्हणजे लोह नाही, आणि ते महाग पडतं. आपल्याकडे हरभरा आहे, मटकी आहे, तीळ आहे, जवसाची चटणी आहे, पावसाळ्यात तरोटा-अंबाडी आहे. त्यावर लिंबू पिळा, नाहीतर सोबत आवळा घ्या, मग ते अंगी लागतं. मटण-कलेजी खाणाऱ्यांना त्यातलं लोह जास्त सहज मिळतं. भाजी लोखंडी कढईत करा.

आणि चहा! जेवल्याबरोबर चहा घेतला की खाल्लेलं लोह अंगात नीट शोषलं जात नाही. निदान तासभर अंतर ठेवा. माझ्या भागात हे एकच बदलायला मला सर्वात जास्त वेळ लागला, पण ज्यांनी बदललं त्यांचा फरक तपासणीत दिसला.

लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका. आपल्या भागात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हे आई-बापाकडून येणारे रक्ताचे आजार. अशांना न तपासता लोह दिलं तर नुकसान होऊ शकतं. आधी तपासणी, मग गोळी. सिकलचं कार्ड असेल, वाहक असाल तरी शिबिरात डॉक्टरांना ते दाखवा, काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

---

मोठेबाबा_६७
१८ एप्रिल, सकाळी ६:२०

निवृत्त शिक्षक आहे. वयामुळे आता देता येत नाही, ६५ ला थांबलो. मुलांनो, तुमचं काम पाहून आनंद होतो, तरी माझं मत वेगळं आहे आणि ते मोकळेपणानं मांडतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ पर्यंत जातो. अशा दिवसांत खेड्यात शिबिर घेऊच नये. रक्तदान हिवाळ्यात करा. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, तेव्हा घ्या. ऑक्टोबरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला घ्या. जयंतीला मिरवणूक असते, जागरण असतं, ऊन असतं. एक पोरगा विहिरीत गेला असता.

---

सिकलची_माय
१८ एप्रिल, सकाळी १०:४५

गुरुजी, तुमची काळजी पटते. पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, सिकलसेल एसएस, म्हणजे नुसता वाहक नाही, आजारच आहे. आम्ही आरमोरीकडचे. त्याचं हिमोग्लोबिन कधी ५ पर्यंत खाली येतं. तेव्हा ऊन आहे की थंडी आहे हे आजार पाहत नाही. उलट उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की त्याच्या हाडांतल्या कळा वाढतात. आणि तेव्हाच रक्तपेढीत रक्त नसतं. कॉलेजं बंद, परीक्षा, लग्नसराई, शिबिरंच नाहीत. मागच्या मे महिन्यात मी त्याचे पाय मांडीवर घेऊन बाकावर बसले होते आणि माझे मिस्टर फोनवर फोन लावत होते. संध्याकाळी सातला एक पिशवी मिळाली. ती कुण्या गावच्या शिबिरातली होती. लाल पेशींची पिशवी फार तर ४२ दिवस टिकते, डिसेंबरातलं रक्त मे महिन्यात कसं पुरेल गुरुजी?

नाल्याकाठचा भाऊ, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. पण त्याच्या आईचं मला जास्त कळतं. आमच्यासाठी रक्त देणारा माणूस पडता कामा नये. एक पडला की पुढच्या वर्षी दहा जण येत नाहीत, आणि ते दहा जण म्हणजे आमच्या लेकरांचे महिने आहेत.

---

मोठेबाबा_६७
१८ एप्रिल, सकाळी ११:३०

बाई, तुमचं खरं आहे. माझ्या मनात ही बाजू आली नव्हती. शिबिर बंद करा हे मी मागं घेतो. वेळ बदला एवढंच म्हणतो. सकाळी ७ ला सुरू, साडेदहाला बंद. टिनाच्या खोलीत नको. समाजमंदिराचं स्लॅबचं घर असेल तर तिथं, आणि बसायला बाहेर लिंबाखाली खाटा टाका.

---

एसटी_स्टीअरिंग
१८ एप्रिल, दुपारी २:००

गुरुजींशी सहमत. अन् सकाळी ७ ला घ्यायचं तर जेवणाचं काय? मंडळानं आधी पोहे किंवा उपमा द्यावा, पोटभर. नंतरच्या बिस्किटाच्या पुड्यापेक्षा आधीचे पोहे जास्त कामाचे.

---

नाल्याकाठचा
२१ एप्रिल, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण मधल्या तीन दिवसांत आम्ही एक काम केलं. लॅबवाल्यांची पोस्ट वाचून ४१ च्या ४१ जणांना फोन केले, काहींच्या घरी गेलो. हे शिबिराच्या संध्याकाळीच करायला पाहिजे होतं.

तिघांना त्या दिवशी संध्याकाळी गरगरलं होतं. एक जण मिरवणुकीत ढोल वाजवताना मटकन खाली बसला, मित्रांना वाटलं ऊन लागलं. एक जण संडासातून येताना भिंत धरून उभा राहिला. एक ताई चुलीपुढून उठताना पडता पडता राहिली, तिनं घरीही सांगितलं नाही, पुढच्या वेळी जाऊ देणार नाहीत म्हणून. दोघांचे हात काळेनिळे. एकानं त्यावर झेंडूबाम चोळला होता. माझा भाऊ पडला म्हणून आम्हाला हे सगळं कळलं.

काल मंडळाची बैठक घेतली. पुढच्या वेळी सकाळी ७ ते १०:३०, समाजमंदिरात. गुरुजी, लिंबाखाली ८ खाटा, त्या कोण आणणार ते नावानिशी ठरलं. आधी पोहे आणि दोन गिलास पाणी, ते झाल्याशिवाय फॉर्म हातात नाही. चाब्यांसाठी नंबरचे टोकन. सरबताच्या टेबलावर लहान पोरं नाहीत, गावातल्या आशाताई आणि मी स्वतः. ज्याची लाईन त्या वेळेत येते त्याची मोटर मंडळाचा माणूस जाऊन सुरू करेल, पाणीही वळवेल. यावर बराच वेळ वाद झाला, कोण कोणाच्या वावरात जाईल म्हणून, शेवटी पाच जणांनी हात वर केले. आणि संध्याकाळी ६ ला प्रत्येक कार्यकर्त्यानं पाच जणांना फोन करायचा, नावं लिहूनच द्यायची.

भावाचे टाके आज निघाले. जखम बरी आहे, डोकं दुखत नाही, दाखवूनही आणलं. सिकलची माय, तुमची पोस्ट मी त्याला अन् काकूला वाचून दाखवली. काकू ऐकत होती, तांदूळ निवडत. काही बोलली नाही. लेकराचे पाय मांडीवर घेऊन बसल्याचं वाचलं तेव्हा तिचा हात थांबला.

भाऊ म्हणाला, पुन्हा कधी देता येईल? १४ एप्रिलपासून ९० दिवस मोजले, १३ जुलै निघते. मी म्हटलं, नियमानं चालेल, पण तेव्हा डवरणीची घाई, मग लगेच फवारणी, पोळा होऊ दे. ऑक्टोबरात पुण्यतिथीचं शिबिर आहे शेजारच्या गावात, तिथं जाऊ, तोवर वजनही थोडं वाढव.

तेव्हा काकूनं सुपातून मान वर न करता विचारलं, "तिथं जेवण देतात का तुमचे लोक, का मी डबा देऊ?"